तालीम आणि ताट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या कोल्हापुरात 'तालीम' म्हटलं की डोळ्यांपुढे लाल माती येते, मारुतीची तसबीर येते, घामाचा आणि तेलाचा वास येतो. माझ्या आईच्या तोंडी मात्र याच शब्दाचा अर्थ वेगळा होता. 'पोराची तालीम पुरी झाली पाहिजे' असं ती म्हणायची, तेव्हा ती माझ्या शाळेबद्दल बोलत असायची. अरबीत तालीम म्हणजे शिक्षण. तो शब्द उर्दूत शाळेत गेला आणि मराठीत आखाड्यात उतरला. 'कसरत'ही तिकडचाच. मूळ अर्थ विपुलता, एकच गोष्ट पुन:पुन्हा करणं. जोर-बैठका काढणाऱ्याला हा अर्थ कोशात बघावा लागत नाही. 'खुराक' फारसी, म्हणजे नुसतं अन्न. आपण त्याला पैलवानाचं अन्न केलं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला कविता लिहिणारा माणूस. आहारशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. पण व्यायाम करणारी माणसं खाण्याबद्दल कोणत्या शब्दांत बोलतात, हे मी बरीच वर्षं ऐकत आलो आहे, आणि ऐकलेलं जाणकारांकडून तपासूनही घेत आलो आहे. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

तालमीतला खुराक कोल्हापूरकरांना सांगायला नको, पण दूरच्या श्रोत्यांसाठी थोडं सांगतो. म्हशीचं दूध, तूप, बदाम, आणि थंडाई. भिजवून सोललेले बदाम, खसखस, मगज, बडीशेप, वेलदोडे, मिरी मातीच्या कुंडीत लिंबाच्या दांड्यानं घोटायची आणि त्यात दूध घालायचं. घोटण्यात तासभर जायचा आणि खांद्यांना वेगळाच व्यायाम व्हायचा. मांसाहारी पैलवान मटणाचं आळणी आणि अंडी घ्यायचा. आता आजच्या हिशेबात बघू. म्हशीच्या एक लिटर दुधात साधारण पस्तीस ते चाळीस ग्रॅम प्रथिनं, साठ-सत्तर ग्रॅम स्निग्धांश आणि हजाराच्या आसपास कॅलरी असतात. शंभर ग्रॅम बदामात एकवीस ग्रॅम प्रथिनं, पण पन्नास ग्रॅमच्या आसपास तेल. म्हणजे ज्याला आपण ताकदीचं खाणं म्हणत होतो, ते मुख्यतः इंधनाचं खाणं होतं. आणि ते बरोबरच होतं. पहाटे उठून हजार-हजार बैठका, मग जोर, मग संध्याकाळी तास-दोन तास लढत, एवढं करणाऱ्या देहाला इंधन लागतंच.

आमच्या गल्लीतले एक वस्ताद होते, आता नाहीत. नवीन पोर पेला पुढं करायचं तेव्हा ते म्हणायचे, "म्हशीएवढं दूध प्यायचं तर म्हशीएवढं राबाय बी पायजे." अख्ख्या आहारशास्त्राचं एक प्रकरण या वाक्यात आहे. वस्तादांना कॅलरी हा शब्द ठाऊक नव्हता, पण ते पोराच्या ताटाकडे आणि पाठीकडे एकाच वेळी बघत असत. कुणाला जुलाब झाले, कुणी रात्री जागला, कुणाच्या घरचं दूध बंद झालं, हे त्यांना कळायचं. दूध बंद झालेल्या पोराच्या नावाचा पेला मग दुसऱ्या कुणाच्या तरी घरून यायचा. त्या पोराचं आडनाव काय हे कुणी विचारत नसे. आमच्याकडे कित्येक तालमींत मोहरमला पंजे बसतात आणि गणपतीही बसतो, तिथं दुधाची जात कोण बघणार!

पण त्या ज्ञानाला एक मोठं भोक होतं. कुस्ती सुटल्यावर काय खायचं, हे कुणी शिकवलं नाही. माझ्या वडिलांचे एक स्नेही, पंचक्रोशीत नाव असलेले मल्ल. तिशी ओलांडल्यावर गुडघा गेला, मैदान सुटलं, पण दुधाचा तांब्या सुटला नाही. त्यांच्या लेखी तो कमी करणं म्हणजे आपण पैलवान राहिलो नाही, असं कबूल करणं होतं. पन्नाशीत मधुमेह निघाला. साठीत पायाचं बोट काढावं लागलं. दवाखान्यात भेटायला गेलो तर म्हणाले, "साखर कशी लागली कुणास ठाऊक, मी तर आयुष्यभर चांगलंच खाल्लं." ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी चांगलंच खाल्लं होतं, फक्त जिरवायची माती मागे राहिली होती. अशी माणसं आमच्या भागात एक-दोन नाहीत.

धारोष्ण दुधाबद्दल एक सांगून पुढे जातो. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून पेला हातात देतात, लोक लांबून प्यायला येतात. त्याची मौज मला मान्य आहे. पण न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि जनावरांचा क्षय माणसाला होऊ शकतो, हेही तितकंच खरं. तापवल्यानं दुधातली प्रथिनं पळून जात नाहीत. ताकद वाफेबरोबर उडते ही समजूत मात्र सुशिक्षितांतही भक्कम आहे.

आता रंकाळ्यावर येऊ. पहाटे तिथं फिरणाऱ्यांत प्राध्यापक आहेत, व्यापारी आहेत, निवृत्त बँक अधिकारी आहेत, मीही आहे. या मंडळींचं आहारज्ञान थक्क करणारं. कोलेस्टेरॉल चांगलं कोणतं आणि वाईट कोणतं, ओमेगा-तीन कशात, जवसात की अक्रोडात, सगळं पाठ. आणि चालणं संपलं की पावलं मिसळीच्या वासाकडे वळतात. पाऊण-एक तासात पाच किलोमीटर चाललं तर सत्तर किलोच्या माणसाचे अडीचशे कॅलरीच्या आसपास खर्च होतात. फरसाण, कट आणि ब्रेडसकट मिसळीची प्लेट त्याहून बरीच जड असते. वर जादा कट मागितला की हिशेबच नको. मी मिसळीचा वैरी नाही, कोल्हापुरात राहून तसं होताही येत नाही. मला गंमत वाटते ती वाक्याची. 'आज दोन फेऱ्या जास्त मारल्यात, आज चालतंय.' जणू चालणं ही कमाई आणि मिसळ हा खर्च. ज्ञानाची इथं कमतरता नाहीच. माहीत असणं एका खिशात आणि भूक दुसऱ्या खिशात, अशी माणसाची रचना आहे. चालण्याचा फायदा हृदयाला, साखरेला, झोपेला, मनाला होतो आणि तो मिसळ खाल्ली तरी बराचसा होतोच; फक्त वजनाच्या काट्याकडून कौतुकाची अपेक्षा ठेवू नये.

उपवासाचंही असंच. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही. साबुदाण्यात जवळजवळ निव्वळ पिष्ट असतं, प्रथिनं नावाला. त्याच्याबरोबर दाण्याचं कूट येतं म्हणून बरं. आमच्याकडे रमजानात इफ्तारला खजूर आणि पाण्यानं रोजा सुटतो इथवर ठीक, पण त्यानंतर भजी, समोसे आणि गुलाबी सरबताचा जो पूर येतो त्यात दिवसभराचा संयम वाहून जातो. व्यायाम करणारी पोरं मला विचारतात, रोजात जिमला कधी जायचं? अनुभवी लोक सांगतात की जड वजनं इफ्तारनंतर, हलकी कसरत इफ्तारच्या थोडी आधी, आणि सहरी चुकवायची नाही. सहरीला अंडी, दही, डाळ, भाकरी असं सावकाश पचणारं. मधुमेहावर गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानं रमजानच्या आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावं. रोजा ही इबादत आहे, तिला वजन कमी करण्याच्या कामाला जुंपू नये असं माझं स्वतःचं मत.

आता माझ्या भाच्याची गोष्ट. माझ्या थोरल्या बहिणीचा, आपाचा मुलगा. वय सव्वीस, एका दुकानात हिशेबनीस. चार वर्षं नेमानं जिमला जातो, सिगारेट नाही, पान नाही, रात्री दहाला झोपतो. असा मुलगा कुणाला नको? पण आपाच्या घरातलं जेवण त्यानं हळूहळू सोडलं. आधी भात सुटला, मग तेल, मग आपाच्या हातचं कालवण. त्याचा स्वयंपाक वेगळा, भांडी वेगळी. ताटात काय असावं हे फोनमधला कुणी उघड्या दंडांचा माणूस सांगतो. गेल्या वर्षी त्याच्या सख्ख्या बहिणीचं लग्न झालं. मांडवात बिर्याणी-दालचा चाललेला, आणि हा एका कोपऱ्यात स्टीलच्या डब्यातलं उकडलेलं कोंबडीचं मांस खात बसलेला. नवऱ्याकडची एक बाई आपाला म्हणाली, "पोराला बरं नाही का?" आपा माझ्याजवळ येऊन रडली. ती मीठ-मसाल्यासाठी रडत नव्हती. आपल्या हातचं मुलाला विष वाटतं, हे तिला सहन होत नव्हतं.

त्याची भाषा मी नीट ऐकली आहे. 'क्लीन' खाणं, 'चीट' डे. म्हणजे एक खाणं पाक, दुसरं नापाक. महिन्यातून एक दिवस फसवणुकीला सुट्टी, आणि दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्ताचे दोन तास ट्रेडमिलवर. मी त्याला म्हटलं, "बेटा, एवढं पापपुण्य तर मौलवीसाहेबसुद्धा सांगत नाहीत." तो हसला नाही. स्टीव्हन ब्रॅटमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९९७ साली या वृत्तीला एक नाव दिलं, ऑर्थोरेक्सिया. ग्रीकमध्ये ऑर्थो म्हणजे योग्य आणि ओरेक्सिस म्हणजे भूक. योग्य खाण्याचीच भूक लागणं, इतकी की बाकी सगळं, माणसंसुद्धा, मागे पडावं. अधिकृत मानसिक आजारांच्या यादीत त्याला अजून स्वतंत्र जागा नाही, आणि व्यायाम करणाऱ्या प्रत्येकाला ते नाव चिकटवणं अन्यायाचं होईल. पण ज्या घरात असा मुलगा किंवा मुलगी आहे त्या घराला यादीची गरज नसते.

भाच्याच्या पगारातला मोठा वाटा पावडरच्या डब्यांवर जायचा. आपाच्या स्वयंपाकघरात असे पाच रिकामे डबे आहेत. एकात ज्वारीचं पीठ, एकात तांदूळ, एकात कपडे धुण्याची पावडर. मी एकदा त्याला विचारलं, व्हे म्हणजे काय? त्याला फायदे सगळे ठाऊक, वस्तू ठाऊक नव्हती. अरे, दूध नासवून पनीर केल्यावर जे हिरवट पाणी खाली उरतं ना, तुझी आई ज्यात कणीक मळते, ते व्हे. त्यातलं पाणी आणि साखर काढून वाळवलं की तुझी पावडर. ती वस्तू वाईट नाही. प्रथिनं उत्तमच असतात, पचतातही लवकर. पण डब्यात तीच आहे का, हा प्रश्न राहतो. २०२४ साली भारतातल्या बाजारात मिळणाऱ्या ३६ प्रथिन-पावडरींची तपासणी एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. सुमारे सत्तर टक्के डब्यांवर प्रथिनांचं प्रमाण चुकीचं छापलेलं होतं आणि काहींमध्ये बुरशीचं विष, कीटकनाशकांचे अंश आढळले. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी टाळा असंच सांगितलं आहे.

मग त्याच्याबरोबर कागद घेऊन बसलो. सामान्य प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात असं आपली पोषण संस्था सांगते. जोरकस व्यायाम करणाऱ्यासाठी क्रीडातज्ज्ञ १.२ ते २ ग्रॅमपर्यंत जातात. भाचा सत्तर किलोचा. म्हणजे कमीत कमी ५८ आणि त्याच्या व्यायामाला ८४च्या पुढे. आता घरातलं मांडलं: दोन अंडी बारा ग्रॅम, अर्धा लिटर दूध अठरा, पन्नास ग्रॅम शेंगदाणे बारा, दोन वाट्या घट्ट डाळ किंवा उसळ बारा, दोन भाकऱ्या दहा, शंभर ग्रॅम कोंबडी पंचवीस. बेरीज एकोणनव्वद. तो कागदाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "मामू, पण कालवणात तेल असतं." मी म्हटलं, "आपाला सांग, पळी लहान घे." आता तो दुपारचं आईच्या हातचं जेवतो. रात्रीचा डबा अजून वेगळाच आहे. पावडरही अधूनमधून दिसते. मी त्यावर बोलत नाही.

जिममध्ये शिकवणारा आणि डबा विकणारा बऱ्याचदा एकच असतो, ही यातली खरी अडचण. जुना वस्ताद दूध विकत नसे. आणि पावडरपाशी गोष्ट थांबत नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून सुया टोचून घेणारी पोरंही आहेत. स्टेरॉइडनं यकृत, हृदय, वंध्यत्व असं सगळंच पणाला लागतं. त्यावर एक अख्खं भाषण एखाद्या डॉक्टरांनी द्यावं, मी इथंच सोडतो.

मला जास्त बोलायचं आहे ते वेगळ्याच व्यायाम करणाऱ्यांबद्दल, ज्यांच्याकडे ना वस्ताद आहे, ना जिमची फी. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली. पहाटे पाचला कुठल्याही गावच्या मैदानावर जा, धुक्यात धावणाऱ्या सावल्या दिसतील. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. एका सेकंदावर गुण, एका गुणावर नोकरी, नोकरीवर अख्खं घर. खोलीत चार-पाच जण राहायचं, मेसचा डबा एकदाच मागवायचा, सकाळी चहा-खारी, संध्याकाळी वडापाव.

आमच्या शेजारच्या वाड्यात अशा सहा मुली राहतात. त्यांतली एक, गगनबावड्याकडची, गेल्या उन्हाळ्यात मैदानावर चक्कर येऊन पडली. माझी बायको तिला घरी घेऊन आली. काल रात्री काय खाल्लंस? एक केळं. आणि सकाळी? काही नाही. का गं? "अंग हलकं राहिलं की टायमिंग चांगलं येतंय, काकी." हे तिला कुणी सांगितलं? एका मैत्रिणीनं. मैत्रिणीला कुणी? तिच्या भरती झालेल्या चुलतभावानं. बायकोनं आणखी विचारल्यावर कळलं, चार महिने पाळीही आली नव्हती. तिला वाटत होतं, व्यायाम चांगला चाललाय म्हणून तसं होत असेल.

श्रोतेहो, विशेषतः मुलींच्या आयांनी हे ऐकावं. व्यायामाच्या मानानं खाणं कमी पडलं की शरीर आधी काटकसर करतं ती तिथं. पाळी थांबते, मग हाडं ठिसूळ होतात, मग धावताना पायाच्या हाडाला बारीक चिरा जातात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली याला खेळातली ऊर्जा-तूट अशा अर्थाचं नाव दिलं. हलकं म्हणजे वेगवान, हा हिशेब थोड्या अंतरापर्यंतच खरा असतो. वजनगटाच्या खेळांत तर या हलकेपणाची किंमत आपण सगळ्यांनी पाहिली. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी शंभर ग्रॅमनं जास्त भरली आणि बाद झाली. रात्रभर अंगातलं पाणी काढण्याची जी धडपड झाली तिच्या बातम्या वाचून आमच्या तालमीतली म्हातारी माणसंही गप्प झाली. १९९७ साली अमेरिकेत तीन विद्यार्थी-पैलवान असंच वजन उतरवताना काही आठवड्यांच्या अंतरानं मेले, तेव्हा तिथले नियम बदलले. आमच्या या मुलीला तर वजनगटही नव्हता.

तिचं रक्त तपासलं, हिमोग्लोबिन साडेआठ. त्यात नवल काही नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवं, पुरुषाला १९ पुरतं; आणि ताटात शेवटी बसते बाई. पळायला लागणारा प्राणवायू रक्तातलं लोहच वाहून नेतं, हे त्या सहाही मुलींना दहावीच्या पुस्तकापासून पाठ होतं. एकीनं तर सूत्र म्हणून दाखवलं. जेवणाबरोबर चहा घेतला की ताटातलं लोह अंगी कमी लागतं आणि लिंबू पिळलं की जास्त लागतं, हे मात्र कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या तर चहात खारी बुडवून तेच जेवण समजत होत्या.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, तीन आठवडे पळणं बंद केलं. ती फार रडली, कारण भरती जवळ होती. त्या खेपेला ती उतरली नाही. आता पुन्हा पळते, आठशे मीटरचं टायमिंग आधीपेक्षा चांगलं आहे म्हणते. वजन साडेचार किलोनं वाढलंय, तेही हळूच सांगते.

माझ्या बायकोनं मग मेसवाल्या मावशींशी बोलणं केलं. त्या कागलच्या, बोलायला फटकळ, पण हिशेबाला चोख. पहाटे मैदानावर जायच्या आधी एक केळं किंवा गुळाचा खडा, परत आल्यावर दोन उकडलेली अंडी आणि भाकरी, असा जादा डबा त्या महिन्याच्या ठरावीक पैशांत द्यायला तयार झाल्या. सहापैकी दोन मुली माळकरी घरच्या, अंडं शिवत नाहीत. त्यांच्यासाठी फुटाणे-शेंगदाणे आणि वाटीभर मटकी, लिंबू पिळून. अळिवाचे लाडू बायको करून देते. चहा मात्र मावशींनी स्वतःच तासभर पुढे ढकलला आहे. "सात वाजेपत्तोर चुलीवर आधणच ठेवत न्हाई," असं त्यांनी मुलींना सांगून टाकलं.